मौतीचा सांगावा

"बस माय. आधी खाली बस. घोटभर पानी पी. मंग सांगतो."

पोपट आबांचा हा आवाज धम्मपालच्या कानात आजही जसाच्या तसा आहे. तेव्हा तो सहा-सात वर्षांचा असेल. आबांच्या काठीचं टोक धरून बांधाबांधानं चालायचा. आबा निमगावचे येसकर. गावात कुणी गेलं की त्याच्या लेकींच्या, बहिणींच्या गावी पायी जायचं आणि मौतीचा सांगावा द्यायचा, हे घराण्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं काम. दाराशी जायचं नाही. ओट्यापासून लांब, उकिरड्याच्या अंगाला उभं राहायचं आणि हाक मारायची. बाई बाहेर यायची, माणूस ओळखायची आणि तिथंच दाराची चौकट धरायची. येसकर काही लग्नाचं आवतण घेऊन येत नसतो. पण आबा नाव लगेच घ्यायचे नाहीत. तिला बसवायचे, पाणी प्यायला लावायचे आणि मग हळू आवाजात सांगायचे. ती भुईवर हात आपटत, रडण्यातच सूर धरत म्हणायची,

वेशीच्या पल्याड उभा सांगावा ठाकला
माझ्या माहेराचा दिवा कुण्या हातानं झाकला

धम्म घेतल्यावर वस्तीनं ही कामं टाकून दिली होती. आबांनी मात्र हे एक टाकलं नाही. वस्तीतली माणसं त्यांच्याशी बोलेनाशी झाली. त्यांचा मुलगा अंकुश, म्हणजे धम्मपालचा बाप, रोज भांडायचा. आबा म्हणायचे, "गाव वंगाळ हाय, कबूल. पर बाप मेला हे लेकीला कुनी तरी सांगायला पायजे का नको?"

रडणं ओसरलं की घरातून कुणीतरी भाकरी घेऊन यायचं आणि वरून सोडायचं. एकदा ती आबांच्या धोतराच्या सोग्यात न पडता धम्मपालच्या ओंजळीत पडली. पोरानं ती सांभाळून घरी आणली आणि कौतुकानं बापाला दाखवली. अंकुशनं भाकरी कुत्र्यापुढं टाकली. त्याच आठवड्यात बायकापोराला घेऊन त्यानं गाव सोडलं.

महाप्याच्या रसायनाच्या कारखान्यात त्याला काम मिळालं. ऐरोलीत सिडकोची खोली मिळाली. फुप्फुसं जळाली, पण पोरगं शिकलं. बापानं पोराला घातलेली अट एकच होती. "कुनाच्या मौतीची खबर घिऊन कुनाच्या दारात हुबं ऱ्हायचं न्हाई. तेवढं सोडून काय बी कर."

आबा निमगावात एकटेच मेले. उभ्या पंचक्रोशीला सांगावे देत फिरलेल्या त्या माणसाचा सांगावा घेऊन कुणी आलं नाही. पोस्टकार्ड आलं, तेही सगळं आटोपल्यावर.

धम्मपाल परीक्षा देऊन महापालिकेत लिपिक झाला, तेव्हा अंकुशनं, म्हणजे आता सगळ्यांच्या आप्पांनी, चाळभर जिलेबी वाटली. "खुर्ची हाय त्याला," ते सगळ्यांना सांगायचे, "फिरती खुर्ची." बरीच वर्षं तो घरपट्टीच्या टेबलावर होता. मग बदली झाली विभाग कार्यालयात, जन्म-मृत्यू नोंदणीला. घरी आल्यावर त्यानं विभागाचं नाव सांगितलं, त्यातला पहिलाच शब्द आप्पांनी धरला. "जन्माचं काम? लेकरांचं? लई पुन्याचं काम की रे." धम्मपालनं पुढचा शब्द गिळला. पहिला शब्द घरी आला, दुसरा ऑफिसातच राहिला.

ऑफिसात दोन खिडक्या शेजारीशेजारी. जन्माची गीतांजली मॅडमकडे, मृत्यूची धम्मपालकडे. जन्माच्या खिडकीवर पेढे यायचे, कुणी झोपलेलं बाळच दाखवायला आणायचं. मृत्यूच्या खिडकीवर यायचे ते कॉप्या मागणारे. बँकेला एक, विम्याला एक, सोसायटीला एक. धम्मपाल संध्याकाळी घरी जाताना गीतांजली मॅडमना विचारून घ्यायचा, "आज कोणाकोणाची नावं ठेवली हो लोकांनी?" आणि ती नावं घेऊन आप्पांच्या उशाशी बसायचा. "आज एक अन्वी, आप्पा. एक रुद्रांश. जुळ्या होत्या, मीरा आणि मुक्ता." आप्पा प्रत्येक नाव तोंडात घोळवायचे. त्यांना धाप लागायची, तरी हसायचे.

धम्मपालची बायको क्रांती स्वयंपाकघरातून ऐकत असायची. नंतर म्हणायची, "दुसऱ्याच्या खिडकीतली लेकरं आणून किती दिवस देणार त्यांना?"

"असेतोवर."

"ते असेतोवर की तुम्ही?"



तोवर खोटं निदान बसल्या जागेचं होतं. मग राजवर्धन सर आले. वयानं धम्मपालपेक्षा वीसेक वर्षांनी लहान, पण अधिकारी. बोलायला मऊ. येताना एक योजना घेऊनच आले, 'दाखला दारी'. नागरिकाला खिडकीवर यायलाच लागू नये. दवाखान्यातून नोंद आली की दाखला तयार करायचा आणि घरी नेऊन द्यायचा. जन्माच्या दाखल्यासोबत तुळशीचं रोप. मृत्यूच्या दाखल्यासोबत सांत्वनपत्र, त्यावर छापील सही. आणि चुका जागेवरच कळाव्यात म्हणून दारात नाव, वय, तारीख मोठ्यानं वाचून दाखवायची आणि मग सही घ्यायची.

मीटिंगमध्ये सर म्हणाले, "जन्माचं गीतांजली मॅडम बघतील. हसरा चेहरा आहे, लोकांना बरं वाटतं. फोटोग्राफर आणि गाडी देऊ." मग त्यांनी टेबलाभोवती नजर फिरवली. ती फार फिरली नाही. "आणि मृत्यूचे दाखले… धम्मपालजी. तुमच्या आवाजात एक गांभीर्य आहे."

कुणीतरी हसलं. "सर, आमच्यात नाही का गांभीर्य?" आणखी कुणी म्हणालं, "तुझ्यात अजीर्ण आहे." सगळे हसले. चहा आला. विषय संपला. धम्मपालनं तोंड उघडलं होतं, त्यात बिस्कीट घातलं.

गाडी त्याला नव्हती. तो स्कूटरवर जायचा. डिकीत निळी फाईल. वॉचमन वहीत नाव घ्यायचा, 'कामाचं स्वरूप' विचारायचा, धम्मपाल सांगायचा, 'कागद'. मग इंटरकॉम. मग लिफ्ट, तीही सामानाची. दार उघडायचं ते बोटभर. फाईलवरची काळी रेघ दिसली की आतलं माणूस आपोआप एक पाऊल मागं सरायचं.

"चपलांच्या स्टँडवर ठेवा ना."

"सही लागेल, मॅडम. आणि वाचून दाखवायचंय."

"वाचा मग. पण आत नको, पूजा चाललीय."

तो दारात उभा राहून वाचायचा. एका दारात त्याची पाठ वळते न वळते तोच मागं फरशीवर पाणी ओतल्याचा आवाज आला. लादी पुसायची वेळ झाली असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. बावन्न वर्षांचा माणूस स्वतःला पुष्कळ काही सांगू शकतो.

त्या दिवशीचा दाखला होता पार्थ हौसेराव देशमाने यांचा. वय एक्केचाळीस. ऑफिसात बसल्या जागी गेला होता. बिल्डिंग उंच, नवी. खाडीवरचा वारा थेट वरच्या मजल्यांवर. बेल वाजवली. बऱ्याच वेळानं आतलं दार उघडलं. बाहेरचं जाळीचं बंदच. जाळीमागं एक म्हातारी, गळ्यापाशी ऑपरेशनच्या टाक्यांचं टोक दिसत होतं.

"कोण आहे?"

"दाखला आणलाय, आजी. वाचून दाखवतो, बरोबर आहे का सांगा. पार्थ हौसेराव देशमाने…"

"जरा मोठ्यानं बोला हो. कमी ऐकू येतं मला."

आणि धम्मपालनं आवाज चढवला. पोटातून, खालून, लांबच्या ओट्यापर्यंत पोचेल असा. "पार्थ हौसेराव देशमाने! वय एक्केचाळीस! मृत्यूचा दिनांक…" सगळा मजला दणाणला. समोरच्या फ्लॅटचं दार किलकिलं झालं.

म्हातारी हसली. "तुमचं काहीतरी चुकतंय, भाऊ. पार्थ माझा मुलगा. तो जर्मनीला आहे, कंपनीनं पाठवलाय. माझं ऑपरेशन झालं ना, मी कऱ्हाडला लेकीकडे होते, तेव्हाच गेला तो. रोज मेसेज येतो त्याचा."

धम्मपालनं कागदावरचं नाव पुन्हा वाचलं. त्यानं खाली पाहिलं, वर पाहिलं. काय झालंय ते त्याला कळलं होतं. मागं सरावं, 'हो हो, पत्ता चुकला' म्हणावं, इतकं सोपं होतं. पण म्हातारीनं जाळीतून दोन बोटं बाहेर काढली होती आणि कागदाचं टोक धरलं होतं. "आईचं नाव काय लिहिलंय?"

"काशी," तो म्हणाला. आता आवाज नव्हता.

"पत्ता?"

त्यानं पत्ता वाचला. हाच.

ती रडली नाही. जाळीला डोकं टेकवून उभी राहिली. मग तिनं विचारलं, अगदी व्यवहारातलं काहीतरी विचारावं तसं, "मग रात्री मला मेसेज कोण करतं?"

"बसा, आजी," धम्मपाल म्हणाला. "पाणी घ्या थोडं." म्हणताम्हणताच त्याच्या जिवाला चटका बसला. आबा हे आधी म्हणायचे. सगळं मर्म होतं ते आधी म्हणण्यात. आबांना कुणी सूचना छापून दिल्या नव्हत्या, तरी त्यांना ठाऊक होतं. आणि जाळीपलीकडच्या बाईला तो बसवणार कसा, पाणी देणार कसं?

"मला कुक्कुलं बाळ समजले सगळे," काशीताई म्हणाल्या. "माझ्या पोरासाठी मला रडूसुद्धा दिलं नाही." आणि त्यांनी दार लावलं. आपटलं नाही. अगदी हळू लावलं.

लिफ्टमधून सून बाहेर आली, सुचिता. हातात भाजीची पिशवी, गळ्यात कंपनीचं कार्ड. निळी फाईल पाहिली आणि पिशवी तिच्या हातातून सुटली. "तुम्हाला कोणी बोलावलं होतं?" ती किंचाळली. "आम्ही अर्ज केला होता का? कोणी पाठवलं तुम्हाला माझ्या दारात?"

टोमॅटो घरंगळत लिफ्टच्या दारापर्यंत गेले. धम्मपालनं वाकून ते गोळा केले, पिशवीत भरले, पिशवी भिंतीशी ठेवली. तिनं ती उचलली नाही.

तक्रार आली. काशीताईंना परत दवाखान्यात हलवलं होतं. जिवाचा धोका नव्हता, पण त्या घरच्या कुणाशीच बोलत नव्हत्या. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं, 'एक माणूस दारात येऊन ओरडत होता.' ते फिरत फिरत वरपर्यंत गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी राजवर्धन सरांनी केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची पुढं केली. पाणी मागवलं.

"टेन्शन घेऊ नका, धम्मपालजी. चूक कुणाचीच नाही. पण लेखी कुणाची तरी लागते."

"सर, मोठ्यानं वाचायची सूचना…"

"सूचनेत 'मोठ्यानं' असं आहे. 'ओरडून' असं नाही." त्यांनी एक टाईप केलेला कागद पुढं सरकवला. "दोन ओळी आहेत. सही केलीत की वर पाठवतो, प्रकरण मिटलं. नाही केलीत तर चौकशी लागेल. मग माझ्या हातात काही राहत नाही."

धम्मपालनं वाचलं. 'माझ्या सवयीनुसार मी मोठ्या आवाजात पुकारा केल्यामुळे सदर कुटुंबास मनस्ताप झाला, त्याबद्दल दिलगीर आहे.'

"सर, हा 'सवय' शब्द…"

"हं?"

"माझी सवय नाही ती."

सर समजुतीनं हसले. "अहो, शब्दाचं काय एवढं? सवय म्हटलं की हेतू नव्हता हे आपोआप सिद्ध होतं. तुमच्याच फायद्याचं आहे."

 एक प्रश्न सहा महिन्यांपासून धम्मपालच्या मनात होता. मीटिंगमध्ये तुमची नजर फिरली आणि माझ्यावरच का थांबली, सर? तुम्हाला माझं आडनाव वाचून आवाजातलं गांभीर्य ऐकू आलं का? पण समोरचा माणूस इतका मऊ होता की त्याच्यावर प्रश्न आपटलाच नसता. तो म्हणाला असता, 'छे छे, धम्मपालजी, तुम्ही असा विचार करता?' आणि वाईट वाटून घेतलं असतं. मग त्या वाईट वाटण्याबद्दल धम्मपाललाच सॉरी म्हणावं लागलं असतं.

त्यानं सही केली. पेन छान चाललं.

"गुड. आणि हो," सर म्हणाले, "काम थांबवायचं नाही. सोमवारपासून परत सुरू. जरा हळू आवाजात."

बाहेर गीतांजली मॅडमच्या खिडकीवर पेढे आले होते, कुणाच्या तरी घरी मुलगी झाली होती. त्यांनी पेढ्याचा बॉक्स पुढं केला. "घ्या हो. चेहरा बघा कसा झालाय. मनाला नका लावून घेऊ, तुमच्यासारखं कोण करणार आहे ते काम? मला तर बाई जमणारच नाही, मी रडेन तिथंच."

"हो," धम्मपाल म्हणाला. त्यानं पेढा खाल्ला. गोडच होता.

घरी पोचला तेव्हा उजेड होता. आप्पांच्या पलंगाशी खुर्ची ओढून शेजारची पायल बसली होती. सातवा महिना लागलेला, पाय सुजलेले, तोंड सुरू.

"हा बघ आला. इचार त्यालाच," आप्पा म्हणाले. आज त्यांना धाप कमी होती. "ही पोरगी म्हनतीया, बाळाचा दाखला कुठं काढायचा? मी म्हनलं, येडी का काय तू? घरचा मानूस असताना बाहेर कशाला हिंडायलीस? जलमाचा कागद माझ्या लेकाच्या हातचाच निघायला पायजे."

"काका, हां, फायनल," पायल म्हणाली. "पहिला कागद तुमच्याच हातचा. आजोबा म्हणतात तुमच्या हाताला गुण आहे. नाव तुम्हालाच आधी सांगणार, ह्यांना पण नाही."

क्रांती चहाचे कप घेऊन दारात आली होती. ती तिथंच थांबली. नवऱ्याकडे बघितलं नाही. कपांकडे बघत राहिली.

धम्मपालनं हेल्मेट काढून खाली ठेवलं. आप्पा वाट बघत होते, चेहरा उजळलेला. धम्मपालच्या डोळ्यांपुढं जाळीला टेकलेलं एक कपाळ आलं. रोज रात्री जर्मनीहून मेसेज. रोज संध्याकाळी अन्वी, रुद्रांश, मीरा, मुक्ता. त्या सुनेवर आपण मनातून किती चिडलो होतो, आणि आपल्या घरात तरी वेगळं काय चाललंय? तिनं एका आईला मेलेला मुलगा जिवंत करून दिला. आपण एका बापाला नसलेला मुलगा बनवून दिला, रोज थोडाथोडा. लोकांनी आपल्याला दारात उभं केलं हे खरं, पण या एका माणसाला अंधारात ठेवायला कुणी लावलं नव्हतं.

"पायल," तो म्हणाला, "तुझा दाखला गीतांजली मॅडम देतील. त्यांच्याकडे ती खिडकी आहे."

"म्हणजे? तुमची बदली झाली?"

"नाही."

आप्पांनी उशीवरून मान उचलली. "काय म्हनायलास तू?"

"जन्माच्या खिडकीवर मी कधीच नव्हतो, आप्पा. ती नावं मी शेजारून विचारून आणायचो. माझ्याकडे मौतीचे दाखले असतात."

 पायल उठावं की बसावं अशा पेचात तशीच राहिली.

"आसूंदे," आप्पा सावकाश म्हणाले. "खुर्चीवर बसूनच देतोस नव्हं? कागदच हाय तो. कागदाला काय…"

"बसून नाही देत. सहा महिने झाले, घरोघर नेऊन देतो. दारात उभा राहतो, नाव पुकारतो. आत कुणी घेत नाही. काल एका म्हातारीला तिचा मुलगा गेल्याचं माझ्या तोंडून कळलं. तिला कुणीच सांगितलं नव्हतं. आणि आज मी लिहून दिलं की ती माझी सवय आहे."

आप्पांचा हात चादरीवर काहीतरी शोधत फिरला आणि काहीच न सापडून थांबला.  मग त्यांनी विचारलं, आणि त्यांचा आवाज एकदम निमगावच्या तरण्या अंकुशचा झाला, "एवढ्या मोठ्या हापिसात… हुडकून हुडकून तूच घावलास त्यांना?"

"हुडकावं कुठं लागलं, आप्पा," धम्मपाल म्हणाला. "मी तर परीक्षा पास होऊन आपल्या पायानं गेलो."